चोवीस काळे कोट आणि एक्केचाळीस प्रश्न

आत्याच्या लाँड्रीत पावती नव्हती. कपड्याला चिठ्ठी नव्हती, कॉलरवर खूण नव्हती, काउंटरवर वही नव्हती. गिऱ्हाईक कपडे ठेवायचं, आत्या त्यांवरून एकदा हात फिरवायची आणि म्हणायची, "शुक्रवारी या." शुक्रवारी ते गिऱ्हाईक दारात दिसलं की ती मागे वळायची, दांडीवरच्या दोनेकशे कपड्यांतून नेमका त्याचा काढायची आणि पुढ्यात ठेवायची. एकतीस वर्षांत एकदाच एका माणसाने 'हा सदरा माझा नाही' म्हणून वाद घातला होता. तासाभराने त्याची बायको आली आणि तोच सदरा घेऊन, नवऱ्याच्या वतीने माफी मागून गेली.

आत्याच्या भाचीला घरात सगळे शंका म्हणत. बोलायला लागल्यापासून ती "का?" विचारत आली होती, आणि विज्ञानाची पदवी घेतल्यावर तर तिला त्याचा परवानाच मिळाला होता. त्यावर तिने सॉफ्टवेअरचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला. आता परीक्षेसाठी एका खऱ्या धंद्याची सिस्टिम बनवून दाखवायची होती.

"आत्या, तुझी लाँड्री मी कॉम्प्युटरवर आणते," ती सोमवारी संध्याकाळी म्हणाली.

"आण की. फक्त काउंटरवर पसारा नको."

शंकाने वहीच्या पहिल्या पानावर टप्पे लिहिले: शक्यतेचा अभ्यास, गरजांची नोंद, आराखडा, बांधणी, चाचणी, बसवणी, देखभाल. खाली लाल शाईने लिहिलं, 'एकही टप्पा गाळायचा नाही.' शेजारी एक रकाना आखला, 'कामामुळे जुन्या व्यवस्थेला धोका?' त्यात तिने 'नाही' असं लिहिलं, आणि त्याखाली रेघ ओढली.

मंगळवारी ती घड्याळ घेऊन स्टुलावर बसली. गिऱ्हाईक दिसल्यापासून कपडा काउंटरवर येईपर्यंत सरासरी नऊ सेकंद. तिचा घड्याळावर विश्वास बसेना, म्हणून तिने दुसरं आणलं. त्यानेही नऊच दाखवले. एक म्हातारे गृहस्थ समोरच्या फुटपाथवर उभे राहून रस्ता ओलांडायचा विचार करत होते. ते अलीकडे पोहोचेपर्यंत त्यांचा स्वेटर घडी घालून तयार होता. शाळेत असताना दुर्बिणीतून शनीची कडी पहिल्यांदा दिसली, तेव्हा शंका अशीच गप्प झाली होती. त्या दिवशी तिने वहीत काही लिहिलं नाही. नुसती कपडे घेऊ, झटकू, दांडीवर टांगू लागली. दाताच्या डॉक्टरांनी आणून दिलेली करडी पँटही तिनेच टांगली.

बुधवारपासून गरजांची नोंद सुरू झाली.

"कसं ओळखतेस?"

"ओळखते म्हणजे ओळखते."

"पण आधी काय बघतेस? रंग? कापड? बटणं?"

"अगं, रस्त्यात तुझी आई दिसली तर तू आधी तिचं नाक बघतेस का?"

शंकाने लिहिलं, 'नाक? तपासणे.'

मागच्या टेबलावर इस्त्रीकाका इस्त्री करत होते. ते आत्याच्या लाँड्रीत वीस वर्षं होते, आणि त्यांचा रेडिओ त्यांच्याही आधीपासून होता. "पोरी," ते म्हणाले, "बाईंना इतकं खोदून विचारू नकोस. सकाळी तू मला विचारलंस, बाहीची घडी दर वेळी एकाच रेषेत कशी येते म्हणून. तेव्हापासून प्रत्येक बाहीला दोन घड्या पडतायत."

शंका हसली आणि तेरावा प्रश्न विचारला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस झाले. तोवर आत्यालाही गोडी लागली होती. शटर ओढताना ती स्वतःशीच पुटपुटली, "खरंच की. मी आधी करते तरी काय?"

शुक्रवारी सकाळी दाताचे डॉक्टर आले. आत्या वळली, हात वर केला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"शंके, मी आधी उजवा हात लावते की डावा?"

"उजवा. बासष्ट टक्के वेळा."

आत्याने उजवा हात लावला. मग डावा लावून बघितला. दांडीवर अकरा करड्या पँटी होत्या. तिने एकीची शिवण पाहिली, दुसरीचा वास घेतला, डॉक्टरांना एकदा मागे वळायला सांगितलं, आणि चार मिनिटांनी एक पँट त्यांच्या हातात दिली. पाऊण तासाने दवाखान्यातून फोन आला. पँट घोट्याच्या चार बोटं वर संपत होती. पेशंट खुर्चीत आडवे असतात आणि छताकडे बघतात, म्हणून निभावत होतं. पण संध्याकाळी बदलून हवी होती.

आत्याने फोन ठेवला आणि ती शंकाच्या स्टुलावर बसली. एकतीस वर्षांत तिला त्या दुकानात बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"गेलं गं."

"काय गेलं?"

"हातातलं." तिने दोन्ही तळवे समोर धरले आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. "आज चार वाजता वाद्यवृंदाचे चोवीस कोट द्यायचेत. सहाला त्यांचा कार्यक्रम. त्यातला एक जरी चुकीच्या अंगावर गेला ना, तर मी शटर ओढणार. ते परत उघडायचं नाही."

चोवीस कोट सोमवारी सकाळीच आले होते. चोवीसही काळे, एकाच शिंप्याने, एकाच ताग्यातून शिवलेले. ते एका वेगळ्या दांडीवर एकमेकांना खेटून लटकत होते.

शंकाने दांडीकडे पाहिलं. जुनी व्यवस्था तिने बंद पाडली होती आणि नवीचे अजून कागदावर चार चौकोनच होते. तिने वही उघडली, 'नाही' खोडलं, 'होय' लिहिलं. मग लाल शाईतलं वाक्य न वाचता ती सगळे टप्पे गाळून कोटांवर तुटून पडली.

दीड तास ती भिंग घेऊन बसली होती. दहा कोटांच्या डाव्या खांद्यावर कापड जरासं चपटं होतं, म्हणजे ते व्हायोलिनवाले. एकाच्या काखेतली शिवण तीनदा उसवून तीनदा घातली होती, तो नक्की ढोलवाला. एका तुतारीवाल्याच्या कोटाचं दुसरं बटण श्वास भरून भरून सैल झालं होतं. कापड सगळं लक्षात ठेवत होतं! माणूस काय वाजवतो, कुठे टेकतो, किती जोरात फुंकतो, सगळं. आणि हे सगळं आत्या नऊ सेकंदांत वाचत होती, आपण वाचतोय हे माहीत नसताना. पण दहा व्हायोलिनवाल्यांतला कोणता कोट कुणाचा, हे भिंगात दिसेना.

"हरकत नाही," ती म्हणाली. "चाचणी ज्यांची त्यांनाच करू दे. ते आपले कोट ओळखतीलच ना?"

चार वाजता चोवीस वादक आणि त्यांचे मास्तर दुकानात शिरले. दुकान जेमतेम दहा जण मावतील एवढं होतं. शंकाने कोट समोर मांडले आणि म्हणाली, "आपापला घ्या."

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"आपापला म्हणजे कोणता?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला तुमचा कोट ओळखता येत नाही?"

"अहो, एकोणीस वर्षं बाई हातात देतात, आम्ही घालतो. ओळखायची वेळ कुणावर आली?"

तरी प्रयत्न झाला. बुटक्या तुतारीवाल्याने जो घातला त्यात त्याची बोटं दिसेनाशी झाली, पण ऊब आहे म्हणून तो काढायला तयार होईना. दोन व्हायोलिनवाल्यांनी एकाच कोटात एकेक हात घातला आणि दोघंही म्हणाले, "हा माझाच." ढोलवाला हात वर करून एका कोटात शिरला आणि मग त्याचे हात खाली येईनात. तो तसाच, शरण आल्यासारखा, कोपऱ्यात उभा राहिला. साडेचार वाजले. आत्या स्टुलावरून हे बघत होती. तिची नजर शटरकडे गेली, ती शंकाने पाहिली.

इस्त्रीकाका हळूच तिच्या मागे आले. "बाईंचं डोकं दुसरीकडे लाव. डोकं तिकडे गेलं की हात सुटतात. मी काम करताना रेडिओ लावतो, तो काय गाण्याची हौस म्हणून?"

शंका चमकली. बरोबर होतं. बिघाड हातात नव्हताच, हातांकडे बघण्यात होता. ते बघणं थांबवायचं, तर आत्याचं सगळं लक्ष एका दमात ओढून घेईल असं काहीतरी हवं. तसं जगात एकच माणूस होतं. आत्याची वहिनी. म्हणजे शंकाची आई.

ती स्टुलासमोर जाऊन उभी राहिली. "आत्या, एक सांगायचं राहिलंय."

"आता काय?"

"आई तुझ्याकडे कपडे टाकत नाही ना, ते ती घरी धुते म्हणून नाही."

"मग?"

"चौकातल्या त्या दुसऱ्या लाँड्रीत देते. अकरा वर्षं झाली."

दुकानात कुणाला काही कळलं नाही, पण सगळे आत्याकडे बघू लागले. आत्या उठली.

"अकरा वर्षं?" तिने समोरच्याच्या अंगातून कोट ओढला आणि ढोलवाल्याच्या छातीवर आदळला. "त्या लाँड्रीत? जिथे पांढरे कपडे पिवळे करून देतात?" दुसरा कोट तुतारीवाल्याला. "लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या पडद्यांवर शाई सांडली, ती कुणी काढली? मी!" तिसरा, चौथा. "एका शब्दाने बोलून दाखवलं का कधी? नाही!" पाचवा. "आणि मला म्हणते, 'वन्सं, मला बाई घरीच धुवायला आवडतं!' हात खाली करा हो तुम्ही!" हे ढोलवाल्याला, आणि त्याचे हात खाली आले, कारण शेजारच्यांनी आधीचा कोट ओढून काढला होता आणि आता अंगात त्याचाच कोट होता.

ती कोटांकडे बघत नव्हती. माणसांकडेही धड बघत नव्हती. तिची नजर अकरा वर्षांपलीकडे कुठेतरी होती, आणि हात एकामागून एक कोट उचलत होते, वळत होते, देत होते. दोन व्हायोलिनवाल्यांतल्या भांडणाचा कोट तिसऱ्यालाच गेला आणि त्याच्या खांद्यावर असा बसला की भांडणारे दोघंही खाली बघू लागले. शेवटचा कोट गेला तेव्हा चोवीस माणसं बटणं लावून उभी होती, आणि कुणी खाकरतही नव्हतं. मास्तरांनी हात जरासा वर उचलला, जणू आता कुणीतरी सूर लावायचा होता. मग त्यांनी आत्यासमोर मान लववली आणि सगळे रांगेने बाहेर पडले.

शंकाने सवयीने घड्याळ पाहिलं होतं. तीन मिनिटं बारा सेकंद. म्हणजे कोटामागे आठ. रागात एक सेकंद वाचत होता.

आत्याने रिकामी दांडी पाहिली, मग आपले हात पाहिले, मग ते पदराला पुसले. "फोन कुठाय?" ती म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

दाताचे डॉक्टर पिशवी घेऊन आले तेव्हा आतून आवाज येत होता. "हो, शंकेनेच सांगितलं! तुझ्या पोटच्या पोरीने!" शंकाचे कान तिकडे होते. आज घरी दार कोण उघडेल, आणि उघडलं तर जेवायला कोण वाढेल, याचा ती विचार करत होती. विचार करता करता ती वळली, दांडीवरून एक पँट काढली आणि काउंटरवर ठेवली.

डॉक्टरांनी ती कमरेला लावून बघितली. "हीच!" म्हणाले आणि खुशीत निघून गेले.

इस्त्रीकाकांनी इस्त्री उभी केली. "पोरी, दहा करड्या पँटी होत्या तिथे. तू कसं ओळखलंस?"

शंका थांबली. उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिची नजर स्वतःच्या उजव्या हाताकडे गेली, आणि ती एकदम दचकली.

"काका," ती घाईघाईने म्हणाली, "रेडिओ लावा. मोठ्याने लावा!"