जिल्ह्याची पाटी

सिद्रामप्पांची मोटार तापली, की तिच्या आधी सिद्रामप्पा तापत. त्या सोमवारी रेणापूरच्या वेशीबाहेर दोघं एकदमच तापले, आणि मागच्या सीटवर बसलेली त्यांची मुलगी उमा घड्याळाकडं बघायला लागली. अकरा वाजता लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत तिची टायपिस्टच्या जागेसाठी मुलाखत होती. जागा एकच. ती हुकली, तर उदगीरच्या अडतवाल्याचं स्थळ आलेलं होतंच, आणि सिद्रामप्पांनी तसं घरात बजावूनही ठेवलं होतं.

"एस.टी.नं गेले असते तर आत्तापावतर पोचले असते, अप्पा."

"जिल्ह्याच्या कचेरीत निघालीस, अन् एस.टी.नं? दारात माझी मोटार उभी असताना? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणत होते ते सिद्रामप्पा सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं. मोटार काळी, विलायती, निजामाच्या जमान्यातली. लातूर जिल्हा झाला त्या दिवशीच्या मिरवणुकीत ती सगळ्यांत पुढं होती. तिच्या नाकावर सिद्रामप्पांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याची पाटी तारेनं आवळली होती: 'आपला जिल्हा लातूर'. मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला, पाटी काही उतरली नाही. उतरवणार कोण? स्वतःला मुलगा झाल्यासारखा आनंद झाला होता गृहस्थाला!

आणि पुढच्याच आठवड्यापासून मोटार तापायला लागली. ग्यानोबा मिस्तरीनं पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटर सोड्यानं धुतला, आतलं काय काय काढून फेकलं. शेवटी नजर लागली म्हणून सिद्रामप्पांनी लिंबू-मिरची बांधली. तीही पाटीलाच.

त्यात जिल्हा नवा असला तरी दुष्काळ जुनाच होता. टँकर चौथ्या दिवशी यायचा. सकाळी घरातल्या चारपैकी दोन घागरी गाडीत ठेवताना उमाची आई पार्वतम्मा म्हणाल्या होत्या, "ही भवानी दोन घागरी एका दमात पिती. तेवढ्यात मी चार दिवस घर चालवते." सिद्रामप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पहिली घागर वेशीबाहेरच संपली. दुसरी तीन मैलांवर संपली. तिसऱ्यांदा उष्णतेचा काटा लाल खुणेवर गेला तेव्हा दहा वाजले होते आणि घागरीच्या तळाशी नुसता गाळ होता.

रस्त्याकडेला रोजगार हमीचं काम चाललं होतं. सिद्रामप्पा तिथं पाणी मागायला गेले. डोक्यावर मातीचं टोपलं घेतलेली मंजुळाबाई नावाची मजूर बाई त्यांना वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "मालक, हितं माणसाला प्यायला न्हाई. मोटारीला कुठलं?"

सिद्रामप्पा हात हलवत परतले. रेडिएटरचं टोपण उघडलं होतं, इंजिन धडधडत होतं, वाफ निघत होती. तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही, ही ग्यानोबाची ताकीद. उमाला रडू कोसळणार होतं. ती मुलाखतीच्या पत्रानंच तोंडावर वारा घेत मोटारीसमोर उभी राहिली, आणि कागद हातातून निसटला.

"अप्पा, पत्र!"

पत्र उडालं नाही. पाटीच्या वर रेडिएटरपुढची जाळी बोटभर उघडी होती, तिथं ते सप्पकन जाऊन चिकटलं. उमानं ते ओढून काढलं. मग थांबली. पुन्हा जाळीजवळ नेलं. पुन्हा चिकटलं. पाटीवर धरलं, तर गपकन खाली पडलं.

"अप्पा, पंखा फुडनं वारा वढतोय. अन् आपण तिच्या नाकावरच पाटी ठोकलीय!"

"काहीतरी बोलू नको. मिस्तरीला न्हाई कळलं, अन् तुला कळलं?"

"मोटार कधीपासून तापायलीय? सांगा की."

सिद्रामप्पांनी मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा पडला. तरी ते म्हणाले, "म्हणून काय जिल्हा काढून टाकायचा?"

"जिल्हा राहू द्या. पाटी काढा!"

तार सोडताना त्यांचं बोट कापलं. पण त्याहून जास्त काळजाला लागलं. सगळा तमाशा बघत उभी असलेली मंजुळाबाई आपला तांब्या घेऊन आली. "हे पोरीसाठी हाय, मोटारीसाठी न्हाई," म्हणाली आणि प्यायचं पाणी तिनं रेडिएटरात ओतलं. उमाला तिच्याकडं बघवेना.

आणि मोटार निघाली! काटा मधोमध जो बसला तो हलेचना. दोन मैलांत सिद्रामप्पांची छाती फुगली. चार मैलांत तर शोध त्यांनीच लावला होता.

लातूर जवळ आलं तशी रस्त्यात एक जीप वाफा सोडत उभी दिसली. पुढच्या जाळीवर आडवा कापडी फलक, आणि एक शिपाई तिच्यात घागरीमागून घागर ओतत होता. शेजारी सफारीतले जाडे गृहस्थ घाम पुसत होते.

"थांबू नका अप्पा, पावणेअकरा झाले!"

सिद्रामप्पा थांबले नाहीत. त्यांनी फक्त मुंडकं बाहेर काढलं. "अहो, फडकं काढा की फुडचं! एवढी बी अक्कल न्हाई? कुणी ठेवलं वो तुम्हाला नोकरीवर?"

उमानं पदरात तोंड लपवलं. हसू आवरत नव्हतं.

कचेरीत ते अकराला पाच कमी असताना पोचले. बाकांवर तेवीस उमेदवार होते. मुलाखत घेणारे साहेबच आले नव्हते.

ते आले साडेअकराला. सफारी घामानं भिजलेली, बगलेत गुंडाळी केलेला फलक. त्यावरचं 'दुष्काळ निवारण' एवढं बाहेर दिसत होतं. दारात सिद्रामप्पा उभे होते, बगलेत पत्र्याची पाटी. दोघांनी एकमेकांना ओळखलं. सिद्रामप्पांच्या तोंडचं पाणी पळालं आणि उमाच्या डोळ्यांपुढं उदगीर उभं राहिलं.

तिचं नाव पुकारलं गेलं. दार उघडंच होतं.

"मघाशी गाडीत तूच होतीस ना?" साहेबांनी विचारलं.

"होय, सर."

"फलक काढला आणि गाडी निघाली. हे कुणाच्या डोक्यातून आलं? वडलांच्या?"

उमानं दाराकडं पाहिलं. अप्पांचं पडलेलं तोंड बघून तिला भडभडून आलं. "होय, सर," ती म्हणाली.

"न्हाई साहेब!" सिद्रामप्पा पाटीसकट आत आले. "खोटं बोलायली ती. पोरीनं वळखलं. मला काय अक्कल? मी तर पाटी काढायलाच तयार नव्हतो. दुष्काळात दोन घागरी पाणी वतलं त्या मोटारीत. दोन!"

साहेबांनी बगलेतली गुंडाळी हळूच टेबलाखाली सरकवली, उमाच्या कागदावर पसंतीची खूण केली आणि मान वर न करता म्हणाले,

"आम्ही सहा ओतल्या."