कांबळे अक्कांचा तिसरा गाळा

बीदर-औराद बसमध्ये कांबळे अक्का असल्या, की ड्रायव्हर पुलाआधी आपणहून ब्रेक लावायचा. अक्का उतरायच्या, पुलाच्या कठड्याला तळहात टेकून त्याचे हादरे जोखत उभ्या राहायच्या. साध्या रस्त्यावरून जावी तशी बस बिनधास्त पलीकडे जायची. मग अक्का पदर खोचून चालत पूल ओलांडायच्या आणि बसमध्ये चढून जाहीर करायच्या, "कण्हायलाय जरा, पण चांगलाय." नव्या प्रवाशाला वाटायचं, बाई पुलाला घाबरते.

घाबरते! अक्का आमच्या बांधकाम खात्यात इंजिनिअर. मी तिथंच नकाशे काढायचो. ऐंशीनंतरची ती वर्षं. दोरी धरून पुलाखाली उतरणारी बाई आम्ही दुसरी पाहिली नव्हती. कुणी ठामपणे काही बोललं की त्यांचं ठरलेलं, "पुलाला इचारलाव का?"

एकदा हैदराबादच्या एका कॉलेजातल्या कंप्यूटरनं हिशेब मांडला, की नदीवरचा हा जुना पूल कमकुवत आहे. साहेबांनी जड गाड्या बंद करायचा हुकूम टाइप करवला. अक्का आडव्या आल्या.

"त्यानं कागदावरचा पूल बघितलाय साहेब. नदीतला कुठं बघितलाय?"

"मॅडम, मशीन चुकत नाही."

"मशीन न्हाई, मशीनला सांगणारा चुकतो. मी मोजते, मग सही करा."

आणि मोजलंच! दोन खांबांमधल्या एकेका गाळ्यावर वाळूचे ट्रक उभे केले, वजन हळूहळू वाढवत. खाली मचाणावर अक्का, घड्याळासारखी सुई असलेल्या मापकाला डोळा लावून, पूल किती लवतो ते बघत. वर ट्रकवाला बिचकला की खालून आरोळी, "कामून पळायलास? मी खाली हाय की!"

पूल हिशेबापेक्षा पुष्कळच कमी लवला. आकडे घेऊन अक्का हैदराबादला गेल्या, प्राध्यापकांशी भांडल्या, मग त्यांच्याच शेजारी बसून कारण शोधलं. कंप्यूटरनं तुळयांची टोकं मोकळी सरकतात असं धरलं होतं. इथं ती गंजून जाम झाली होती. तेवढा बदल केल्यावर कंप्यूटरातला पूल नदीतल्यासारखा वागू लागला. फक्त तिसरा गाळा जुळेना. तो उलट या नव्या हिशेबापेक्षा जास्त लवला होता.

अक्का परत आल्या तोवर इकडं पूल वाचला म्हणून गावकरी हार घेऊन ऑफिसात आलेले. साहेब खुशीत म्हणाले, "एका गाळ्याचं काय एवढं? ठेवू चालू."

अक्कांनी हार टेबलावर ठेवला. "पूल माझ्या बाजूनं बोलला तवा खरा, अन् उलटा बोलला की खोटा व्हय? बंद करा. न्हाईतर माझी बदली करा."

पूल गाड्यांना बंद झाला. पुढं तो गाळा फोडला तेव्हा आतल्या सळयांच्या खपल्या हातात आल्या. पण ते पुढं. तोवर पलीकडची, अक्कांच्याच गावची माणसं ओझी घेऊन पूल चालत यायची आणि कांबळ्यांच्या पोरीचा उद्धार करायची. बाजाराच्या दिवशी अक्का मुद्दाम पुलाच्या टोकाला उभ्या राहून सगळं ऐकून घ्यायच्या.

एकदा मीही सोबत होतो. एक म्हातारी गठुडं घेऊन, धापा टाकत आली. अक्का पुढं धावल्या.

"आई, तू कामून आलीस इतक्या लांब?"

"तू गावाकडं यायलीस न्हाई मग काय करू? समदं गाव शिव्या घालायलंय. पाण्याला गेले तर कुणी बोलंना मला."

अक्कांनी तिच्या हातातलं गठुडं घेऊन खाली ठेवलं. म्हातारीनं तिथंच बैठक मारली आणि गठुड्यातून भाकरी अन् शेंगाची चटणी काढली.

"गाव बोलंल दोन दिसानं. तू जेव आधी. वाळून चाललीस."

अक्का आईला टेकून बसल्या. घास तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिल्या. मी उगाच नदीकडे बघत उभा राहिलो.