बॉयकॉट साहेबाचे वकील

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीने ज्या घराशी संबंध तोडावेत, त्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला हजर असणारे गृहस्थ म्हणजे बागूल सर. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. माझे सख्खे शेजारी; इलाज नाही.

पहिल्या मजल्यावरचे देसाई सांगतात की सर फुकट चहासाठी जातात. साफ खोटे! साखर ते घरून नेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सेक्रेटरी म्हणतात, सर विरोधी गटाचे. तेही खोटे. त्यांना दोन्ही गट कंटाळले आहेत. खरे कारण मलाच ठाऊक आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ‘बॉयकॉट’ लिहिले की सर दारोदार व्याख्यान देत फिरतात. “बॉयकॉट हा माणूस होता हो! आयर्लंडातला कारभारी. कुळांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, पीक कापायला कोणी येईना, दुकानदार माल देईना. जिवंतपणी आडनावाचं क्रियापद झालं बिचाऱ्याच्या!” कुळे मुळात का चिडली होती, असे मी विचारले की सरांना ऐकू येत नाही. एकदा त्यांनी सायखेड्याहून आलेल्या आमच्या वॉचमनला गाठले. त्याने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “लय वाईट झालं, सर. पण मोटर चालू करू का? टाकीत पाणी नाय.”

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या जाधवबाईंचा नंबर लागला. त्या जिन्यात कुत्र्यांना भाकरी घालतात. नातवाच्या बारशाला त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावले आणि ग्रुपवर ठरले, कोणीही जायचे नाही. कुत्र्यांबाबत माझे मत आजही तेच आहे.

बारशाच्या दुपारी इस्त्रीचा सदरा घालून सर जिना चढताना दिसले. मी अडवले. “सर, पुन्हा तो साहेब नको. ‘वाळीत टाकणे’ हा अस्सल मराठी शब्द आहे की आपल्याकडे. तो कधी तोंडातून येत नाही तुमच्या!”

सरांनी कठडा धरला. इतक्या वर्षांत ते प्रथमच हळू बोलले.

“तो शब्द आमच्या घरी राहून गेलाय, नाना. येवल्याकडं, गावी. जातपंचायतीनं वडिलांना टाकलं होतं. होळीला आई पुरणपोळ्या करून दाराकडं बघत बसायची. कोणी यायचं नाही. मग मला म्हणायची, ‘तूच पाहुणा हो रे.’ मी बाहेर जाऊन कडी वाजवायचो.”

मी वर गेलो, तो केवळ त्यांना एकटे सोडणे शिष्टाचाराला धरून नव्हते म्हणून. कोणी दुसरा अर्थ लावू नये.

जाधवबाईंनी हॉलमध्ये समोरासमोर दोन पंगती मांडल्या होत्या. सगळी पाने रिकामी. मी बसलो. सर माझ्याशेजारी बसले, क्षणभर थांबले, मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि समोरच्या पंगतीत जाऊन बसले.

“वाढा, बाई,” ते मोठ्याने म्हणाले, “दोन्ही पंगती बसल्यात.”