भिंतीऐवजी बंदूक

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत कन्हानच्या एका प्राथमिक शाळेची मागची भिंत पडली. भिंतीपलीकडे कोळशाच्या ट्रकांचा रस्ता होता. मुख्याध्यापिका सत्यवतीबाईंनी त्याच दिवशी नागपूरच्या शालेय सुरक्षा कक्षाकडे अर्ज केला. भिंत पडली आहे, मुलांच्या जिवाला धोका आहे, तरी भिंत बांधून मिळावी.

अर्जातली ‘भिंत’ कक्षाला कळली नाही. ‘धोका’ मात्र ताबडतोब कळला. सहा आठवड्यांनी बाईंना बोलावणे आले. कक्षाचे वरिष्ठ लिपिक मनोहरराव सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि मंजुरीचा कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिले होते : ‘बारा बोअरची बंदूक, नग एक.’

“साहेब, मी भिंत मागितली होती.”

“भिंत बांधकामात येते, बाई. आमच्याकडे सुरक्षा म्हणजे सशस्त्र पहारा.”

“म्हणजे ट्रकवर गोळी झाडायची?”

“ते पहारेकऱ्याने ठरवायचे.” मनोहरराव समजुतीने म्हणाले, “मार्चअखेर आहे. नको म्हणालात तर शाळेला सुरक्षेची गरज नाही, अशी नोंद होईल. मग भिंत कोण देणार?”

बाईंनी सही केली. ती जरा वाकडी आली, पण चालली.

बंदूक आली, सोबत नियमपत्रिका आली. परवाना मिळेपर्यंत बंदुकीला कोणी हात लावायचा नाही. तिला पक्क्या भिंतींच्या खोलीत कुलूपबंद ठेवायचे. शाळेत तशी खोली एकच होती, पहिलीची. बाकीच्यांना कुडाच्या भिंती. तेव्हा पहिलीचा वर्ग मागच्या अंगणात, जिथे भिंत नव्हती तिथे, बसू लागला.

परवाना नत्थूजींच्या नावे मागायचा होता. नत्थूजी बावीस वर्षे शाळेचे चौकीदार. भिंत पडल्यापासून ते तोंडात शिट्टी धरून रस्त्याच्या कडेला उभे राहत आणि हात दाखवून ट्रक हळू करायला लावत.

“मले बंदूक काहून, बाई?” ते म्हणाले. “हे डायव्हर लोक शिट्टीनं आयकून राहिले ना.”

पण नियम तो नियम. चारित्र्य पडताळणीसाठी जमादार मारोतराव फॉर्म घेऊन आले.

“नत्थूजी, कधी मारामारीत नाव आलं का गा?”

“नाही जी.”

“दारू? जुगार? एखादी जमानत?”

“कोर्ट कुठं हाये, तेबी मले मालूम नाही.”

मारोतरावांनी पेन खाली ठेवले. “मंग मी लिहू काय? ठाण्यात तुही फाइलच नाही. फाइल नाही त पडताळू काय?”

“साहेब, म्या काही केलंच नाही त फाइल कुठून येईन?”

“तेच त! काही केलं नाही, याले पुरावा काय?”

अहवाल गेला : ‘पूर्वचारित्र्य उपलब्ध नाही. इसम संशयास्पदरीत्या निष्कलंक.’ उलट टपाली आदेश आला की, पडताळणी न झालेल्या इसमास शस्त्रापासून शंभर मीटरच्या आत थांबू देऊ नये. नत्थूजींनी शिट्टी बाईंच्या टेबलावर ठेवली. “दुपारच्याले ट्रक लय येतेत. पोरायले सांभाळजा,” एवढेच ते म्हणाले. बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

पडताळणी पूर्ण झालेला माणूस गावात एकच निघाला, चंद्रभान. त्याच्यावर अकरा खटले झाले होते आणि साक्षीदार ऐनवेळी आजारी पडल्याने अकराही वेळा तो निर्दोष सुटला होता. चारित्र्याची इतकी कसून छाननी झालेला दुसरा माणूस तालुक्यात नव्हता. अकरा निकालांच्या प्रती जोडताच चार दिवसांत परवाना मिळाला. चंद्रभान पहारेकरी झाला आणि पहिलीच्या दाराशी खुर्ची टाकून, अंगणाकडे पाठ करून बसला.

“बंदुकीची बिलकुल फिकर करू नका, बाई,” तो अदबीने म्हणाला.

जुलैत एक कोळशाचा ट्रक मागे घेता घेता सरळ अंगणात आला. बाई ओरडत धावल्या. हाताला लागतील तेवढी पोरं त्यांनी ओढली. सहा पाट्या फुटल्या आणि प्रयागबाईंच्या पोराचा, जयवंताचा, हात मोडला. चंद्रभान जागचा हलला नाही. चौकशीत ते त्याच्या बाजूने गेले : ‘शस्त्र पूर्णपणे सुरक्षित. पहारेकऱ्याने प्रसंगावधान राखून जागा सोडली नाही.’

पालकांची सभा भरली. सत्यवतीबाई म्हणाल्या, “विटा मी मागून आणते. चार रविवार सगळ्यांनी हात लावला, तर भिंत उभी राहील.”

मग रुपराव उठले. त्यांची दोन पोरं शाळेत होती. “बाई, एका बंदुकीनं काय होते? ते खोलीत अडकून राहते. अंगणासाठी दुसरी मांगा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव मंजूर झाला. विरोधात दोनच हात होते, बाईंचा आणि प्रयागबाईंचा.

“मी येतो जी रविवारी,” प्रयागबाई म्हणाल्या.

रविवारी काम सुरू झाले. नत्थूजी नियमाप्रमाणे शंभर मीटरवर थांबून टोपल्यांत विटा भरून देत, प्रयागबाई त्या डोक्यावरून आणत आणि बाई रचत. दुसऱ्या रविवारपर्यंत भिंत गुडघ्याइतकी झाली. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत. शिकलेली, पोराबाळांची काळजी असणारी माणसे. “शासनाला लाज वाटायला पाहिजे,” असे ती मनापासून म्हणत.

तिसऱ्या रविवारी बाईंनी त्यांतल्या एकाला हाक मारली, “भाऊ, जरा ही टोपली धरता का?”

ते भाऊ म्हणजे तुम्ही-आम्हीच. आपण घड्याळात पाहिले, “पुढच्या रविवारी नक्की,” म्हणालो आणि सायकलला टांग मारली.