भाऊबिजेच्या नानकटाईची फत्ते

श्रीकुलस्वामिनीचे स्मरण करोन, वऱ्हाड प्रांती, अमरावती शहरी, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वितीया, गुरुवार, या दिवशी नानकटाईची जी थोर मोहीम जाहली, ती घरच्या व्हॉट्सॲप दरबारी चार जण चार तऱ्हांनी सांगतात, सबब खरी हकीकत लिहून ठेवणे प्राप्त जाहले. बखरकाराने पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर मोहनाइतकेच, आणि मोहनावाचून कोणती चीज खुसखुशीत होते?

राजमान्य राजश्री खुशालराव, जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त, मुक्काम साईनगर, यांचे कुटुंब सौभाग्यवती आशाबाई यांजकडे स्वयंपाकघराचा संपूर्ण अंमल होता. दरसाल दिवाळीस त्या मैदा, पिठीसाखर आणि तूप घेवोन गल्लीतील बेकरीच्या भट्टीवर जात, आणि दोन प्रहर रांगेत तिष्ठत, आणि पांढऱ्याशुभ्र नानकटाईचा डबा भरोन घरी येत. मग भाऊबिजेस खुशालरावांच्या वडील भगिनी माणिकबाई अकोल्याहून माहेरी येत, एक नानकटाई मोडीत, आणि भरल्या घरात निवाडा देत की, "बरी हाय. पन आईच्या हातची चव नाही." ऐसे एकतीस वर्षे चालले. सासूबाई तर आशाबाईंचे लग्नापूर्वीच वैकुंठवासी जाहल्या होत्या. जी नानकटाई कधी जिभेवर ठेविली नाही, तिजपुढे एकतीस वेळा शिकस्त खावी, हा कोठला न्याय?

यंदा भट्टी बंद पडली. मग सूनबाई आचल हिने विजेची भट्टी, जिला ओव्हन म्हणतात, ती घरी आणिली, आणि आशाबाईंनी पण केला की यंदा घरी आपल्या हाताने भाजावी आणि वन्संचे तोंडून 'आईच्या हातची' हे शब्द घ्यावे, नाहीतर नानकटाईचे नाव टाकावे. परंतु खुशालरावांचे फर्मान सुटले की, लोखंडाची नवी वस्तू पूजेवाचून पेटविणे नाही. त्यांनी पाडव्याचे मुहूर्तावर नारळ फोडिला, आणि ओव्हनच्या दाराचे काचेवर ओल्या कुंकवाने भलेमोठे स्वस्तिक काढिले, आणि एके बाजूस शुभ, दुसरे बाजूस लाभ लिहिले, आणि उरल्या जागी हळद थापिली, आणि भाऊबिजेचा सूर्य मावळेतो कोणी पुसू नये ऐसी ताकीद दिली. आचलने अर्ज केला, "बाबा, मग आतलं दिसन कसं?" त्याजवर हुकूम जाहला, "देवाले दिसते नं!"

भाऊबिजेचे सकाळी आशाबाई परातीत तूप फेसण्यास बसल्या, आणि हात भरून आला तरी थांबल्या नाहीत, आणि मग चोवीस नग पत्र्यावर मांडोन आत रवाना केले. इतक्यात मोबाइलवर खबर आली की माणिकबाईंच्या एसटीने मूर्तिजापूर सोडले. सारे जण काचेसमोर उकिडवे बसले आणि कुंकू पाहत राहिले. दार उघडावे तर धग जाते, न उघडावे तर आत काय चालले ते त्या देवासच ठावे! अखेर वास सुटला. आशाबाईंनी दार उघडिले तो चोवीसही नगांची बुडे कोळसा जाहलेली.

"अवो माय!" म्हणोन त्या फरशीवर बसल्या आणि डोळ्यांस पदर लाविला. "हेबी वर्स गेलं." खुशालरावांनी मशीनच बोगस असल्याचा पुकारा केला, त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

मग आचलने मसलत केली. सासऱ्यांस विड्याची पाने आणण्याचे मिषाने बाहेर काढिले, आणि ओल्या फडक्याने काचेवरील लाभ पुसोन दोन बोटांचे भोक पाडिले, आणि त्यास डोळा लावोन दुसरी खेप पांढरीशुभ्र उतरविली. करपलेल्या चोवीसांस जुन्या डब्यात भरोन सिलिंडरचे मागे दडविले. टाकवेना, इतके तूप त्यात गेले होते.

माणिकबाई ऑटोने पोहोचल्या. ओवाळणी जाहली. मग पांढरी बशी पुढे आली, आणि आशाबाई दाराआड कान देवोन उभ्या राहिल्या. माणिकबाईंनी एक मोडिली, चाखिली आणि म्हणाल्या, "बरी हाय. पन..."

पुढील ऐकावयास आशाबाई थांबल्या नाहीत. चहा टाकतो म्हणोन आत गेल्या. परंतु माणिकबाई हात धुण्यास मागोमाग आल्या आणि नाक वर करोन उभ्या राहिल्या. "काय करपलं वं आशा?" आणि कोणी काही बोले तो सिलिंडरचे मागील डबा त्यांचे हाती होता! त्यांनी तो बाहेर बैठकीत आणिला, आणि चहा येताच एक काळी नानकटाई त्यात बुडवोन तोंडी घातली. मग दुसरी. मग तिसरी. आणि डोळ्यांस धार लागली.

"हेच तं! आईच्या हातची!"

खुशालराव म्हणाले, "काय सांगतं बाई! आईची तं पांढरी राहे."

"तुह्या वाटची राहे, खुशाल. आई घरीच निखाऱ्यावर भाजे, अर्ध्या करपत. पांढऱ्या तुले, करपलेल्या मले. मी तं हेच चव धरून बसली."

चौसष्ट वर्षांचे खुशालराव, ज्यांस फर्मान सोडण्यास कधी विलंब लागला नाही, त्यांनी हातातील पांढरी नानकटाई बशीत परत ठेविली.

आशाबाई रडता रडता हसू लागल्या. "अवो बाई, मंग एकतीस वर्सं सांगतलं कावून नाही?"

"सनाच्या दिवशी करपलेलं मागावं कसं वं?"

तेव्हा खुशालराव उठले, आणि पांढरी बशी उचलोन बहिणीपुढे सरकविली, आणि आपण डब्यातील एक करपलेली घेतली आणि कडू तोंड करोन सबंध खाल्ली. "आज तू पांढऱ्या खाय, बाई."

"खातो. पन डबा रिकामा नको करजो, तो मले अकोल्याले न्याचा हाय."

येणेप्रमाणे आशाबाईंची फत्ते जाहली. तहात कलम ठरले की, पुढील सालापासून पहिली खेप स्वस्तिकाआड करपवावी, दुसरी भोकातून पाहोन उतरवावी, आणि दोन्ही बशा आधी माणिकबाईंपुढे ठेवाव्या. सायंकाळच्या एसटीने दोन्ही डबे अकोल्यास गेले. घरी खुशालरावांस चहासंगे टोस्ट मिळाला आणि त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला.