आठ सेकंदांचा हिरवा दिवा

आधीच सांगून ठेवतो, सिग्नलच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस या भागात तरी नाही. पालिकेच्या वाहतूक नियंत्रण कक्षात मी बावीस वर्षं काढली आहेत. कुठल्या चौकात, किती वाजता, कोणत्या बाजूला किती सेकंद हिरवा द्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारा. आमची ही म्हणते, उठवायचीही गरज नाही, झोपेत तुम्ही तेच बडबडत असता. त्यामुळे भाची कोणत्या शहरात राहणार हा विषय घरात निघाला, तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "ते माझ्यावर सोड. मुलगी इथेच राहील!"

भाची म्हणजे हिच्या मधल्या बहिणीची मुलगी. वय चोवीस, शिक्षणाने केमिस्ट, घरातलं नाव मुंगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मुंगी, आणि अजूनही बसत नाही. आईवडील लांब राहतात. तिला रंगांच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तो कारखाना नेमका हमरस्त्यावर, आमच्या शहरापासून सतरा किलोमीटर आणि शेजारच्या शहरापासूनही सतराच! शेजारच्या शहरात हिची धाकटी बहीण राहते. म्हणजेच माझे साडू राहतात.

साडूंचं चष्म्यांचं दुकान आहे. माणूस सोन्यासारखा, पण स्वतःच्या शहराचा विषय निघाला की असं बोलतो, जणू तिथली नदी यानेच खणली. मुंगीने मात्र दोन्ही मावश्यांना बजावलं होतं की ती कुणाच्याच घरी राहणार नाही, स्वतःची खोली घेणार. शहर तेवढं ठरवायचं. तीन दिवस तिकडे राहून बघणार, तीन दिवस इकडे, सगळं वहीत लिहिणार आणि रविवारी निकाल सांगणार.

इथे हिची गोष्ट सांगायला हवी. आमचा मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हापासून घरात दोनच ताटं लागतात. मला त्याचं फारसं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. ही सांगत नाही, पण संध्याकाळी उगाच दाराशी जाऊन येते. मुंगी याच शहरात राहिली तर येताजाता डोकावेल, एवढीच तिची आशा. तेवढ्यासाठी तिने एक नवी उशी आणून कपाटात ठेवली होती.

पहिले तीन दिवस साडूंचे. रोज संध्याकाळी फोटो यायला लागले. नदीकाठच्या फरसबंद रस्त्यावर मुंगी. तीन मजली वाचनालयात मुंगी. दोरी बांधून भिंतीवर चढणारी मुंगी आणि खाली दोन्ही हात पसरून उभे साडू, झेलायला! ही फोटो बघायची आणि फोन माझ्याकडे द्यायची. तिसऱ्या दिवशी मात्र तिने विचारलं, तरुण मुलांसाठी आपल्याकडे काय आहे हो? मी खूप विचार केला. बागेतलं कारंजं आठवलं, पण ते मनात आलं तरच उडतं. शेवटी म्हणालो, "पार्किंग."

चौथ्या दिवशी मुंगी आमच्याकडे आली. रात्रीच्या जेवणाला भाजी वाढून घेता घेता मावशीला म्हणाली, "मागच्या शहरात दोन वर्षं राहिले गं, पण शेजारच्या खोलीत कोण राहतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. यावेळी तसं नकोय मला." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण माझं सगळं लक्ष टेबलावर उघड्या पडलेल्या वहीकडे होतं. दुसऱ्याची वही वाचणं वाईट, हे मला मान्य आहे. मी फक्त ती सरळ करून ठेवली. सरळ करताना दिसलं ते असं: साडूंच्या शहराखाली लिहिलं होतं, 'कारखाना ते घर, पंचावन्न मिनिटं. तीन सिग्नल, तिन्ही लाल!'

मला तर स्वर्गाचं दार उघडल्यासारखं झालं. नदी खणणं माझ्या हातात नव्हतं. सिग्नल हिरवा करणं होतं!

शुक्रवारी ती इथून कारखान्यात जाऊन संध्याकाळच्या बसने परत येणार होती, घड्याळ लावून. ही बस हमरस्ता सोडून आमच्या मुख्य रस्त्याला लागते आणि अकरा चौक पार करून आमच्या घराशी येते. मी ठरवलं, अकराच्या अकरा चौकांत बस शिरेल तेव्हा हिरवाच असला पाहिजे. त्यासाठी मुख्य रस्त्याला भरपूर हिरवा द्यायचा आणि बाजूच्या रस्त्यांचा तीस सेकंदांचा हिरवा आठ सेकंदांवर आणायचा. फक्त वीस मिनिटांसाठी.

आमच्या कक्षात माझ्या शेजारी एक ऑपरेटर बाई बसतात. बोलतात कमी, पण लागेल असं. त्यांनी माझे आकडे बघितले आणि विचारलं, "बाजूच्या रस्त्यांचं काय?"

"वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"बाजूच्या रस्त्यांवरही माणसंच असतात हो," असं म्हणून त्या पुन्हा आपल्या पडद्याकडे वळल्या.

पाच चाळीसला बस पहिल्या चौकात आली आणि काय सांगू तुम्हाला! भिंतीवरच्या पडद्यांवर एकामागून एक चौक हिरवे होत गेले आणि बस त्यांतून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. अकरा चौक, नऊ मिनिटं! बावीस वर्षांत एवढं देखणं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मला भरून आलं. तेवढ्यात हिचा फोन आला की बस आली, पण मुंगी काही उतरली नाही.

मी म्हटलं, पुढच्या बसने येत असेल. सिग्नल तसेच ठेवले. पुढची बसही सुसाट आली. हिचा पुन्हा फोन, मुंगी नाही. आता दोन बस वाया घालवल्यावर तिसरीसाठी हात आखडता घेणं मला पटेना. असं करत करत वीस मिनिटांची पन्नास मिनिटं झाली. मुख्य रस्त्यावर तर आता गाड्याच उरल्या नव्हत्या. रिकाम्या रस्त्यावर हिरवे दिवे नुसते चमकत होते आणि मी त्यांच्याकडे कौतुकाने बघत होतो.

"सात नंबरचा कॅमेरा जरा बाजूला फिरवून बघा," ऑपरेटर बाई म्हणाल्या.

मी फिरवला. सातव्या चौकाला बाजूने येऊन मिळणारा रस्ता टोकापर्यंत गाड्यांनी गच्च भरला होता. हॉस्पिटलचा रस्ता दुसरीकडून आहे आणि तो मोकळा होता, हे मी सगळ्यात आधी बघितलं. मग बाकीचं बघितलं. गर्दीच्या मधोमध कारखान्याची कामगारांची बस होती. ही बस मागच्या रस्त्याने येते, हे मला माहीत होतं. मुंगी तीत बसेल हे माहीत नव्हतं! खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलेलं दिसत होतं. बसच्या मागे एक लाल गाडी. ती साडूंची. आमच्या शहराचं काय चाललंय ते बघायला सहज म्हणून आले असणार. आणि त्यांच्या शेजारी एक पांढरी गाडी होती, तिचा नंबर तर मला पाठ आहे. ती आमच्या मोठ्या साहेबांची.

आता खरं तर एकेक चौक सावकाश पूर्ववत करायचा असतो. हे मी नव्या लोकांना शिकवतो. त्यावर माझं एक छोटं भाषणही आहे. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचं भाषण आठवत नाही. मी अकराही चौक एकदम बदलले. यंत्रणेला एवढे हुकूम एका वेळी झेपत नाहीत. तिने हात वर केले आणि अकराही चौकांत पिवळे दिवे उघडझाप करू लागले. याचा अर्थ, आपापलं बघून घ्या. लोकांनी आपापलं बघितलं आणि दोन मिनिटांत अकराही चौक ठप्प झाले.

"तुम्ही जा तिकडे," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी एकेक करून लावते."

मी धावत सुटलो. वाटेत मनातल्या मनात राजीनामाही लिहून काढला. मुंगी आता या शहराचं नाव काढणार नाही, आणि हिला मी काय तोंड दाखवणार, हेच डोक्यात घोळत होतं. नवी उशी सारखी डोळ्यांसमोर येत होती.

सातव्या चौकात पोहोचलो तर हॉर्न एकही नाही. वाजवून वाजवून लोक दमले होते आणि गाड्या बंद करून खाली उतरले होते. आइस्क्रीमची गाडी अडकली होती, आणि विरघळण्याआधी खा म्हणून मालक सगळ्यांच्या हातात कांड्या देत सुटला होता. गिटारच्या क्लासला निघालेली तीन पोरं फुटपाथवर बसून वाजवत होती, वाईट पण मनापासून. आमचे साडू लाल गाडीच्या बॉनेटवर रुमाल पसरून, खिशातल्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने लोकांच्या चष्म्यांच्या काड्या घट्ट करून देत होते, आणि त्यांच्यापुढे चक्क रांग लागली होती! आणि मुंगी? मुंगी साहेबांच्या गाडीची जाळी करून टपावरून बॅडमिंटन खेळत होती. पलीकडच्या बाजूला तिच्याच वयाची दोघंतिघं होती. फूल टपावर पडलं की साहेब स्वतः ते काढून देत होते.

मी साहेबांपुढे जाऊन हात जोडले आणि म्हणालो की चूक माझीच आहे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग वर पिवळ्या दिव्याकडे बघितलं.

"ते सोमवारी बोलू," ते म्हणाले. "आधी बाजूला व्हा, फूल दिसत नाहीये."

अर्ध्या तासाने बाईंनी सगळे चौक सुरळीत केले. सातव्या चौकात हिरवा लागला, तरी बराच वेळ कुणी हलेना. शेवटी साहेबांनीच सगळ्यांना गाड्यांत बसवलं.

रविवारी सगळे आमच्याकडे जमले. साडू आले, मुंगीची धाकटी मावशीही आली. मुंगीने वही उघडली आणि सरळ सांगून टाकलं की ती याच शहरात राहणार. हिने पदराने डोळे पुसले. साडूंनी नदी, वाचनालय, भिंत अशी सगळी यादी एका दमात म्हणून दाखवली. मुंगीने ती कबूल केली. शहर सुंदर आहे, म्हणाली, पण तीन दिवस ती साडूंच्या गाडीतून उतरली आणि साडूंच्या गाडीत बसली. इथे मात्र एका संध्याकाळी एकोणीस जणांशी ओळख झाली. त्यातल्या दोघी तर सातव्या चौकातच राहतात आणि त्यांना भाडं वाटून घ्यायला तिसरी मुलगी हवीच होती.

"इथली माणसं थांबतात, काका," ती मला म्हणाली. "मला एवढंच हवं होतं."

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. ही डोळ्यांनी मला तेच सांगत होती. पण पोरीने एवढ्या विश्वासाने बघितल्यावर माझ्याच्याने राहवेना. मी सगळं कबूल केलं. माणसं थांबत नाहीत, मी थांबवली होती. आठ सेकंद, अकरा चौक, सगळं सांगितलं. हिचा चेहरा पडला. साडूंचा उजळला.

मुंगी एकदम हसत सुटली. इतकी हसली की तिला ठसका लागला आणि साडूंनाच उठून पाणी आणावं लागलं.

"दिवा तुम्ही लाल केला असेल," ती म्हणाली, "पण गाडीतून खाली तर ते आपणहून उतरले ना? उद्या सहाला खेळायला बोलावलंय मला. मी इथेच राहणार."

सोमवारी साहेबांनी मला 'कारणे दाखवा' नोटीस दिली. मी कारण लिहिलं, 'कौटुंबिक'. त्यांनी त्याखाली सही केली आणि सहा महिने मुख्य रस्त्याच्या सिग्नलला हात लावायचा नाही असा हुकूम काढला. ते सिग्नल आता ऑपरेटर बाई बघतात आणि पूर्वीपेक्षा चांगले चालतात. हे मी तुम्हाला सांगतोय, बाईंना सांगितलेलं नाही.

मुंगीला येऊन आता दोन महिने झाले. सोमवारी बॅडमिंटन, मंगळवारी गिटार, ती पोरं आता तिलाही वाईट वाजवायला शिकवताहेत. बुधवारी कुणाचा तरी वाढदिवस, गुरुवारी कुणाचं तरी सामान हलवायचं असतं. शनिवारी सगळी टोळी मिळून साडूंच्या शहरात भिंतीवर चढायला जाते. आमचं घर तिच्या खोलीपासून चार चौकांवर आहे. दोन महिन्यांत ती दोनदा येऊन गेली, एकदा छत्री विसरली म्हणून आणि एकदा ती छत्री न्यायला.

परवा ही माझ्यासमोर ताट ठेवून म्हणाली, "एवढ्या माणसांशी ओळखी करून द्यायची काय गरज होती हो? तिकडे एकटी राहिली असती तर निदान दर रविवारी आपल्याकडे आली असती."

यावरचा उपायही हिनेच काढला. काल तिने बाजारात जाऊन एक रॅकेट आणली आणि पाच वाजता सातव्या चौकाकडे निघून गेली. आठ वाजून गेले तरी परत आली नाही. काल रात्री घरात एकच ताट लागलं, आणि ते मीच वाढून घेतलं.