पणजोबांचं स्पॅनिश स्तोत्र

कुठलीही भाषा तीन महिन्यांत शिकता येते, असं माझं ठाम मत होतं. भाषा म्हणजे काय हो? धातू आणि त्याची रूपं! रूपं तोंडपाठ झाली की बाकीची भाषा मुकाट्याने मागोमाग येते. माझे पणजोबा गायकवाडी अमदानीत पाठशाळेत शास्त्री होते. आमच्या घरात मुलाला आधी 'राम'ची रूपं चालवता यायची आणि मग चड्डीची नाडी बांधता यायची. त्यामुळे सत्त्याण्णव साली साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आपल्या व्हॉल्व्हना मेक्सिकोत गिऱ्हाईक मिळालंय, दोन वर्षांसाठी तिथे आपला माणूस बसवायचाय आणि दिवाळीपर्यंत ज्याला स्पॅनिश येईल तो जाईल, तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "साहेब, तिकीट काढून ठेवा."

फतेगंजातल्या दुकानातून एका जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स करून आणली. घरी मात्र सांगितलं नाही. माझी बायको निरुपमा शाळेत गणित शिकवते. तिच्या हिशेबी मी आजवर हार्मोनियम, शॉर्टहँड आणि कॉम्प्युटर अशा तीन विषयांत नापास झालेलो होतो. चौथ्याची बातमी पास झाल्यावरच द्यावी, असं मी ठरवलं.

पुस्तकातला पहिलाच धातू 'असणे' निघाला. तोही अनियमित! सहा रूपं, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. वाटणीनंतरचे सहा भाऊच. मी घाबरलो नाही. पहाटे आंघोळ करून, पंचा नेसून, गॅलरीत येरझाऱ्या घालत, पणजोबांच्या चालीवर खणखणीत आवाजात सुरुवात केली: सोइ, एरेस, एस! सोमोस, सोइस, सोन! एकवचन चढत्या सुरात, अनेकवचन उतरत्या. अशी एकशे आठ आवर्तनं. वडिलांनी मला असंच शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी.

आता घडियाळी पोळात राहणाऱ्याने पहाटे खणखणीत आवाज काढू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पोळ म्हणजे गल्लीच, आणि आमची इतकी अरुंद की समोरच्याच्या आमटीत मीठ कमी पडलं तर आपल्याला कळतं. समोर फत्तेसिंहकाका आणि मथुराकाकी राहायचे. काकांचे आजोबा गायकवाड सरकारच्या फौजेत होते. काका स्वतः प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. गेलं वर्षभर छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. त्यांची खाट खिडकीशी, म्हणजे माझ्या पंच्यापासून फार तर सात फुटांवर.

चौथ्या दिवशी निरुपमाने चहा देताना विचारलं, "अहो, हे पहाटे काय म्हणता?"

इथे खरं बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला हार्मोनियम आठवला. मी म्हणालो, "पणजोबांचं स्तोत्र आहे. आरोग्याचं."

आरोग्याचं का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. निरुपमाने ते कौतुकाने मथुराकाकींना सांगितलं. काकींनी दुसऱ्या दिवसापासून पहाटे खिडकी सताड उघडायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात काकांनी दोन चमचे खिचडी जास्त खाल्ली. झालं! दुपारपर्यंत सबंध पोळाला कळलं की शास्त्रीबुवांच्या पणतूची वाणी सिद्ध आहे.

पहाटे माझ्या गॅलरीखाली माणसं थांबायला लागली. कोणी तांब्यात पाणी भरून ओट्यावर ठेवायचं, ते माझी आवर्तनं झाल्यावर घरी नेऊन आजाऱ्याला पाजायचं. शेजारच्या हंसाबेन एके दिवशी जिन्यात आडव्या आल्या आणि म्हणाल्या, "माधवभाई, मारा घूंटण माटे पण थोडुं बोलजो ने." त्यांच्या गुडघ्यांसाठी मी अकरा आवर्तनं वाढवली. दुसरं काय करणार?

खरी पंचाईत पुढे झाली. 'असणे' पक्का झाल्यावर मी दुसरा पाठ काढला. त्यात 'जवळ असणे' असा निराळाच धातू होता, तोही अनियमित. एका पहाटे जोशात सुरू केला, तेंगो, तिएनेस, तिएने, तोच समोरच्या खिडकीत काकी उभ्या राहिल्या. मंत्र का बदलला म्हणाल्या; यांना ठसका लागलाय, थांबतच नाहीये. खाली उभ्या असलेल्यांनीही माना हलवल्या. मी मुकाट्याने पहिल्या धातूवर आलो. ठसका थांबला. त्यानंतर मला दुसरा पाठ उघडायची सोयच राहिली नाही! ऑफिसात साहेबांचं लक्ष, घरात निरुपमाचं, पहाटे पोळाचं. जून गेला, गणपती गेले, नवरात्र आलं, आणि मी आपला तिथेच: मी आहे, तू आहेस, तो आहे. माझ्याइतक्या वेळा 'असणे' चालवलेला माणूस खुद्द स्पेनमध्ये नसेल.

दसऱ्यानंतर काकांचे पाय सुजले. डॉक्टर येऊन गेले. छातीत पाणी झालंय, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात हलवा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काकींनी नकार दिला. एकुलता मुलगा विक्रमसिंह मस्कतला. त्याचा फोन आला, तर त्यालाही काकींनी तेच सांगितलं. समोर माधवचं स्तोत्र चालू आहे, त्याने गुण येतोय, दवाखान्याच्या बंद खोलीत ते कसं ऐकू जाणार?

हे निरुपमाने मला सांगितलं तेव्हा मी ताट बाजूला सारलं. खोटं मी हार्मोनियमपायी बोललो होतो, आणि त्यावर आता एका माणसाचा जीव टांगलेला होता. हात धुऊन मी तसाच समोर गेलो. काकी दाराशीच भेटल्या. मी म्हणालो, "काकी, मला एक सांगायचंय." पण त्या ऐकतील तर ना! माझे दोन्ही हात धरून त्या रडायला लागल्या. तुझ्या पणजोबांचे आमच्यावर उपकार आहेत म्हणाल्या. त्या पणजोबांना जाऊन साठ वर्षं झाली होती. मला धीर झाला नाही. मग त्या दूध आणायला खाली उतरल्या आणि मी काकांच्या खाटेशी जाऊन बसलो.

काका उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास कोंडायचा. मी एका दमात सगळं ओकून टाकलं. स्तोत्र नाही, स्पॅनिश आहे, मेक्सिको, व्हॉल्व्ह, सगळं.

काकांनी पांघरूण नीट केलं. मग म्हणाले, "स्पॅनिश आहे ते माहीत नव्हतं. स्तोत्र नाही ते पहिल्या दिवशीच कळलं."

"कसं?"

"तुझ्या त्या गाण्यात एकदा तरी 'नमः' आहे का रे? बत्तीस वर्षं वर्कशॉपात काढली मी. काम कुठलं आणि नुसता आवाज कुठला, एवढं कळतं मला."

मी म्हणालो, आत्ता काकी वर आल्या की त्यांना सांगतो आणि गाडी बोलावतो. काकांनी माझं मनगट धरलं. त्या हातात काही जोर उरला नव्हता, पण मी उठलो नाही.

"सुभानरावला नेला होता मागच्या साली," ते थांबत थांबत म्हणाले. सुभानराव म्हणजे त्यांचा वर्कशॉपातला जोडीदार. "हात खाटेला बांधले होते. मला काचेतून दाखवला. तो काचेतून माझ्याकडे बघत होता. मला तसं नकोय, माधव. मी इथेच जाणार. ही ऐकणार नाही, हिला आशा आहे. तू म्हणतोयस तोवर ही मला हलवायची नाही. तू म्हणत राहा."

"आणि काकींना काय सांगू?"

"काही सांगायचं नाही. मी सांगितलंय हेही नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. जिना उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची इतकी लाज वाटली की खाली येऊन मी ओट्यावरच बसलो. माझं खोटं आता काकांनी मागून घेतलं होतं. म्हणजे ते मोडायचा त्रासही वाचला.

मग पुढचे अकरा दिवस मी रोज म्हणत होतो. काकांचा श्वास मला गॅलरीतून ऐकू यायचा. आवर्तनांमध्ये मी जरा थांबलो की तो मोठा वाटायचा, म्हणून मी थांबायचंच सोडलं. डॉक्टर दोनदा आले, दोनदा रागावून गेले.

याच अकरा दिवसांत कंपनीत माझी परीक्षा झाली. साहेबांनी परदेशी भाषा शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावलं होतं. बाईंनी हसून काहीतरी विचारलं. बहुधा मी कुठला, असं असावं. मला एक अक्षर कळलं नाही. मी सवयीने डोळे मिटले, हात जोडले आणि सहाच्या सहा रूपं चालीवर म्हणून दाखवली. डोळे उघडले तेव्हा साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाई म्हणाल्या, हा धातू इतक्या भक्तिभावाने म्हणताना त्यांनी आजवर कोणाला ऐकलं नव्हतं. त्यातलं पाचवं रूप मेक्सिकोत कोणी वापरत नाही, हेही त्यांनी सांगितलं. डिस्पॅचमधला ध्रुव निवडला गेला. त्याने कॅसेट ऐकून अकरा वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एक संडास कुठे आहे हे होतं आणि एक माल सोमवारी येईल हे. व्हॉल्व्हच्या धंद्याला एवढं पुरतं.

घरी येऊन निरुपमाला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिने समोरच्या खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, "आणि काका?" काकांची शपथ मी तिला सांगू शकत नव्हतो. मी म्हणालो, काकी आता ऐकण्याच्या पलीकडे गेल्या आहेत. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. पुढेही बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

धनत्रयोदशीच्या पहाटे मी नेहमीसारखा उभा राहिलो. समोर खिडकी उघडी होती, काकी खाटेशी बसल्या होत्या. एकशे आठ आणि हंसाबेनची अकरा पूर्ण झाली. काकींनी मान वर केली नाही, म्हणून मी आणखी अकरा म्हणालो. मग त्यांनी उठून खिडकी लोटली. तेव्हा मला कळलं.

डॉक्टर दाखला लिहायला आले. आधीच आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं ते सर्वांसमोर म्हणाले. पोळातल्या लोकांनी ओट्यावरचे तांबे उचलून घरी नेले. विक्रमसिंह तिसऱ्या दिवशी पोचला. मला बघून त्याने तोंड फिरवलं. मला वाटलं, बरोबर आहे त्याचं.

चौदाव्या दिवशी काकींनी मला बोलावलं. विक्रमसिंह तिकिटाच्या कामाला बाहेर गेला होता. काका गेल्यावर निरुपमाने त्यांना खरं काय ते सांगितलेलं होतं. मी समोर चटईवर बसलो. त्यांनी विचारलं, "त्याचा अर्थ काय होतो रे?"

मी म्हणालो, "मी आहे, तू आहेस, तो आहे. आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. एवढंच, काकी."

"मागणं काहीच नाही?"

"नाही."

काकींनी चटईचं टोक सरळ केलं. मग म्हणाल्या, "तुझं अर्धं झालं होतं तेव्हाच गेले ते. मला कळलं होतं. तरी तुला थांबवलं नाही. म्हटलं, पुरं होऊ दे, शेवटी काहीतरी येत असेल."

सगळं सांगून टाकावंसं वाटलं. सुभानराव, ती काच, ती शपथ. सांगितलं असतं तर मी मोकळा झालो असतो. आणि दवाखान्याला नाही म्हटल्याचं खापर आता आयुष्यभर स्वतःवर फोडत बसणाऱ्या काकींना कळलं असतं की नवऱ्याने मरायचं ठरवलं ते शेजाऱ्याला सांगून, त्यांना न सांगता. यातलं बरं कुठलं, ते मला ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही. मी म्हणालो, "चूक माझी आहे, काकी."

"आहेच," त्या म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, आत गेल्या, माझ्यासाठी चहा घेऊन आल्या आणि कप माझ्यासमोर ठेवताना म्हणाल्या, "माझी वेळ येईल तेव्हा मला आधी दवाखान्यात ने. मग तुला काय म्हणायचं ते म्हण."